मुक्त झालेला तरुण बचावपटू : घ्यावा की टाळावा?

इंग्लंडमध्ये फुटबॉलचा मोसम संपला की क्लब कायम ठेवलेल्या आणि मुक्त केलेल्या खेळाडूंची यादी जाहीर करतात. या यादीतील एखादा तरुण बचावपटू दुसऱ्या क्लबला स्वस्तात मिळू शकतो. मात्र ज्यांनी त्याला घडविले त्यांनीच त्याला सोडले, मग आपण त्याला का घ्यावे, अशी शंका संघव्यवस्थापनाला भेडसावते.

पैशाचे गणित तुलनेने सोपे आहे. २४ वर्षांखालील खेळाडूचा करार संपला आणि मूळ क्लबने त्याच्यापुढे नव्या कराराचा प्रस्ताव ठेवलेला असेल, तर त्या क्लबला भरपाई मागता येते. प्रस्तावच दिला नसेल तर हा हक्क उरत नाही. नव्या क्लबवर मुख्यतः वेतनाचा भार पडतो.

कठीण असते ते खेळाडूला सोडण्यामागचे कारण ओळखणे. अंगकाठी लहान होती, संघात जागा नव्हती की कौशल्यच कमी पडले? पहिली दोन कारणे काळानुसार अथवा क्लब बदलल्याने दूर होऊ शकतात. तिसरे सहसा होत नाही.

स्कॉटलंडचा अँडी रॉबर्टसन हे पहिल्या कारणाचे ठळक उदाहरण. शरीरयष्टी लहान म्हणून सेल्टिकने त्याला १५व्या वर्षी सोडले. तेव्हा हौशी असलेल्या क्वीन्स पार्कने त्याला आसरा दिला आणि २०१२-१३च्या मोसमात तळाच्या विभागात नियमित खेळविले. डंडी युनायटेड व हल सिटीमार्गे २०१७ मध्ये तो लिव्हरपूलमध्ये आला, तो सुमारे ८० लाख पौंडांत. २०१९ मध्ये त्याने चॅम्पियन्स लीग जिंकली.

डॅन बर्न याला न्यूकॅसलने ११व्या वर्षी सोडले होते. डार्लिंग्टनपासून एकेक पायरी चढत तो २०२२ मध्ये त्याच क्लबमध्ये परतला. या वेळी न्यूकॅसलला सुमारे १ कोटी ३० लाख पौंड मोजावे लागले. २०२५च्या लीग चषकाच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध त्याने हेडरने गोल केला. न्यूकॅसलने ७० वर्षांनी देशांतर्गत मोठा चषक जिंकला.

अर्थात, ही उदाहरणे अपवादात्मक आहेत. मुक्त झालेल्या बहुसंख्य मुलांना ती उंची गाठता येत नाही. परंतु दोघांच्याही वाटचालीत एक समान धागा दिसतो : छोट्या क्लबांनी त्यांना प्रत्यक्ष सामने दिले. बचावपटूचे स्थानभान, सहकाऱ्यांशी ताळमेळ आणि चूक झाल्यावर सावरण्याची क्षमता केवळ सरावातून येत नाही.

म्हणूनच करारापूर्वी त्याला सरावासाठी बोलावून पारखावे, दुखापतींचा इतिहास तपासावा आणि आरंभी अल्पमुदतीचा, वाढविता येईल असा करार करावा. मोसमात त्याला खेळविण्याची तयारी असेल तर हा धोका पत्करण्याजोगा आहे. केवळ स्वस्त मिळतो म्हणून घेऊन राखीव बाकावर बसवायचे असेल, तर क्लबचे वेतन वाया जाईलच. त्या तरुणाची उमेदीची वर्षेही हातची जातील.