तीळ, तळपाय आणि काळं नख

तळपायाला तीळ दिसला की आपल्याकडची जुनी माणसं म्हणतात, याच्या नशिबात प्रवास आहे. असेलही. पण मंडळी, तीळ बघून रोग ओळखायला डॉक्टरांनाच दोनशे वर्षं लागली.

१७८७ साली लंडनमध्ये जॉन हंटर या सर्जननं एका माणसाच्या जबड्याजवळची गाठ काढली. ती नेमकी कसली, ते तेव्हा कळलं नाही, पण गाठ बरणीत जपून ठेवली गेली. १९६८ मध्ये ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली तेव्हा निदान झालं : मेलानोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. निदान १८१ वर्षांनी!

मला मात्र विल्यम नॉरिस जास्त भावतो. इंग्लंडमधल्या स्टोरब्रिज या लहान गावातला साधा डॉक्टर. १८२० मध्ये त्यानं एका रुग्णाची हकीकत छापली. पोटावरच्या तिळाजागी गाठ आली होती, वडीलही तशाच आजारानं गेले होते, भावांच्या आणि मुलांच्या अंगावर बरेच तीळ होते. ना लॅब, ना मशीन. नुसती घरच्यांची चौकशी करून त्यानं हेरलं की हा आजार घराण्यात असू शकतो.

साध्या माणसाला लक्षात ठेवता येईल असा नियम यायला मात्र १९८५ उजाडलं. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ए-बी-सी-डी मांडलं. तिळाचे दोन अर्धे सारखे नाहीत, कडा वेड्यावाकड्या, रंग एकसारखा नाही, आकार सहा मिलिमीटरपेक्षा मोठा. २००४ मध्ये ‘ई’ जोडला गेला, म्हणजे बदलत जाणारा तीळ. माझ्या मते हाच सगळ्यात कामाचा.

पण हे नियम मुख्यतः गोऱ्या कातडीवरचे तीळ बघून बनलेत. आपल्या सावळ्या कातडीत हा कॅन्सर मुळात कमी, त्यामुळे उगाच घाबरू नका. पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली होतो, जिथं ऊन पोचतसुद्धा नाही. मग कुणाला ते कुरूप वाटतं, कुणाला ठेच.

खरं तर नखाची खूण जुनीच आहे. लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ मध्येच अशा काळ्या नखुरड्याबद्दल लिहिलं होतं. नखाचा काळेपणा शेजारच्या कातडीवर उतरला तर सावध व्हायचं. ठेचेनं साकळलेलं रक्त नख वाढेल तसं पुढं सरकतं. हा काळा पट्टा मुळापासून तसाच राहतो, रुंदावत जातो. आपल्या लोकांच्या चार-पाच नखांवर बारीक काळ्या रेघा असतात, त्या बहुतेक निरुपद्रवी. एकाच नखावर नवी रेघ आली तर स्किनच्या डॉक्टरला दाखवायची.

जमैकाचा गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हेच झालं होतं. त्याला ती फुटबॉलची दुखापत वाटली. १९७७ मध्ये निदान झालं, अंगठा कापायला तो तयार झाला नाही. ११ मे १९८१ रोजी तो गेला, वय ३६. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्येच दाखवून दिलं होतं की या रोगात गाठ किती मिलिमीटर खोल गेली यावर पुढचं बरंच ठरतं. एक मिलिमीटरच्या आत सापडली तर बहुतेक वेळा ती कापून काढली की भागतं.

आपल्याकडच्या सरकारी कॅन्सर तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख बघतात. तेही बरोबरच, कारण ते कॅन्सर इथं खूप जास्त आहेत. पण चप्पल काढा, असं तिथं कुणी म्हणत नाही. ते आंघोळ करताना आपलं आपणच बघायचं, आणि म्हाताऱ्या आई-वडिलांचे तळपाय आपण बघायचे, त्यांना वाकता येत नाही.