रुळांचे माप बदलताना

बालाघाटहून गोंदियास जाणारी छोटी आगगाडी ज्यांना आठवते, त्यांना गोंदियाचा मालधक्काही आठवत असेल. छोट्या गाडीच्या रुळांतील अंतर अडीच फूट आणि नागपूर-हावडा मार्गाचे साडेपाच फूट. त्यामुळे सातपुड्यातून आलेली वाघीण गोंदियास अडावयाची, आणि तिच्यातील माल हमालांच्या श्रमाने मोठ्या वाघिणीत चढवावा लागे.

बंगाल-नागपूर रेल्वेने हा मार्ग 1903 ते 1905 या काळात गोंदियापासून बालाघाट व नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत नेला. अरुंद माप निवडले ते अज्ञानाने नव्हे. डोंगराळ मुलखात अशा गाडीला तीव्र वळणे घेता येतात, पूल हलके चालतात, खर्चही थोडा येतो. याच कंपनीने नागपूर-छत्तीसगड हा मीटरगेजचा मार्ग हाती घेऊन 1888 च्या सुमारास ब्रॉडगेज केला होता. दोन मापांच्या भेटीत काय खर्ची पडते, हे तिच्याइतके कोणास ठाऊक असणार! तरीही तिने स्वस्ताई पत्करली. तिचा हिशोब त्या काळापुरता बरोबर होता. पुढील शंभर वर्षांचे देणे मात्र त्यात धरलेले नव्हते.

जुने म्हणून टाकून द्यावे, हा विचार मला मान्य नाही. छोटी गाडी म्हातारी झाली होती हा तिचा दोष नव्हे. ती बाकीच्या देशाशी जुळत नव्हती, हा दोष होता. म्हणून 1992 मध्ये सर्व देशाचे रूळ एका मापाचे करण्याचे धोरण ठरले, ते योग्यच होते. परंतु ते अमलात कसे यावे, हा प्रश्न निराळा आहे.

इंग्लंडात ग्रेट वेस्टर्न रेल्वेने आपले सात फुटी रूळ अनेक वर्षे तिसरा रूळ टाकून निभावून नेले, आणि उरलेला भाग मे 1892 मध्ये चार हजारांहून अधिक कामगार लावून दोन दिवसांत बदलला. संगणकांच्या जगातही असेच एकदा घडले. आर्पानेट या जाळ्याने 1 जानेवारी 1983 रोजी जुनी नियमावली सोडून नवी घेतली. यंत्रे तेव्हा काही शेकडेच होती, म्हणून ते साधले.

त्या नव्या नियमावलीत यंत्रांना देण्यासाठी सुमारे 429 कोटी पत्ते होते. इंटरनेट वाढले आणि फेब्रुवारी 2011 मध्ये मध्यवर्ती साठा संपला. सहाव्या आवृत्तीचे नियम 1995 पासून तयार होते. परंतु जुन्या आवृत्तीचे यंत्र नव्याशी थेट बोलू शकत नाही. गोंदियाचा मालधक्काच तो! तेथे मात्र दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी चालविण्यात आल्या. काम फार रेंगाळले, अजून पुरे झालेले नाही. भारतात तर आज निम्म्याहून अधिक वापर नव्या आवृत्तीवरून होतो. पण वाट पाहताना कोणाचा संपर्क तुटला नाही.

आमच्याकडे तसे झाले नाही. गोंदिया-बालाघाट हा तुकडा आधी बदलला. पुढील छोटी गाडी 2015 मध्ये बंद झाली. जुन्याच भरावावर नवे रूळ टाकावयाचे असल्याने दोन्ही चालविणे अवघड होते, हे खरे. शिवाय कान्हा व पेंच यांमधील वन्यप्राण्यांच्या वाटेतून मार्ग जात असल्याने वनखात्याच्या परवानगीचाही प्रश्न होता. संपूर्ण ब्रॉडगेज जोडली गेली ती 2020-21 मध्ये. जबलपूरहून येणारी मालगाडी आता गोंदियास न अडता पुढे जाते. मधल्या काळात या मार्गावरील अनेक गावांना ना छोटी गाडी होती, ना मोठी.