विजयस्तंभावर ज्यांची नावे नसतात

युद्धाचा इतिहास लिहिताना दोन गोष्टींची नोंद आवर्जून केली जाते: किती भूमी जिंकली वा गमावली आणि किती सैनिक कामी आले. जखमींचा आकडा बहुधा एका ओळीत उरकला जातो. धारातीर्थी पडलेल्यांची नावे शिळेवर कोरली जातात आणि वर्षातून एकदा त्या शिळेपुढे पुष्पचक्रही वाहिले जाते. ते योग्यच आहे. परंतु एक पाय रणांगणावर ठेवून जो गावी परततो, त्याचे नाव कोणत्याही विजयस्तंभावर नसते. तह होतो, तोफा थंडावतात, सैन्य बराकीत परतते, पण त्याचे युद्ध पुढची चाळीस वर्षे चालूच राहते. त्याच्याही मागे आणखी एक माणूस उभा असतो. तो युद्धाने अपंग झालेला नसतो, युद्ध आले तेव्हा तो आधीच अपंग असतो. इतरेजन पळतात तेव्हा त्याला पळता येत नाही. या दोघांचा इतिहास आपल्या मुंबई नगरीच्या आणि महाराष्ट्राच्या संदर्भात थोडक्यात मांडावा, असा या लेखाचा हेतू आहे.

या दोघांची कथा एकाच व्यक्तीच्या आयुष्यात पाहावयाची असेल, तर आपल्याला जुन्या कराराकडे वळावे लागेल. गिलबोवाच्या डोंगरावर शौल राजा आणि त्याचा पुत्र योनाथान पडले, ही वार्ता येताच योनाथानाच्या पाच वर्षांच्या मुलाला, मफीबोशेथाला, उचलून त्याची दाई पळत सुटली. त्या धावपळीत मूल हातून पडले आणि दोन्ही पायांनी कायमचे पंगू झाले. पुढे दावीद राजाने त्याचा शोध घेऊन त्याला आपल्या पंक्तीस बसविले. हा भाग आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकला आहे. त्याच्या पुढचा भाग मात्र क्वचितच ऐकू येतो. अबशालोमाने बंड केले आणि दाविदाला यरुशलेम सोडावे लागले, तेव्हा मफीबोशेथ मागेच राहिला. ज्याच्यावर त्याचा भरवसा होता तो सेवक त्याला न घेताच निघून गेला होता आणि वर त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप करून मोकळा झाला होता. एका युद्धाने त्याला पंगू केले, दुसऱ्याने पंगू म्हणून मागे टाकले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची ही हकीगत आजही जुनी झालेली नाही.

ख्रिस्तसभेच्या इतिहासातही युद्धाची खूण अंगावर वागविणारे थोर पुरुष आहेत. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर तोफेच्या गोळ्याने इग्नेशियस लोयोला यांचा पाय मोडला. हाड नीट बसेना म्हणून ते पुन्हा मोडून बसविण्यात आले, तरी एक पाय आखूडच राहिला आणि ते जन्मभर लंगडत चालले. त्याच लंगड्या पायांनी त्यांनी युरोप पालथा घातला आणि येशूसंघाची स्थापना केली. संत कमिलस हेही मूळचे शिपाई. व्हेनिसच्या सैन्यात असलेल्या या तरुणाच्या पायाची जखम मरेपर्यंत भरली नाही. रोमच्या रुग्णालयात स्वतः रुग्ण म्हणून वावरताना तेथील आजाऱ्यांचे हाल त्यांनी पाहिले आणि रुग्णसेवेला वाहिलेला संघ स्थापन केला. त्या संघाचे सभासद झग्यावर लाल क्रूस धारण करीत. आज जगाला परिचित असलेली रेड क्रॉस संस्था जन्मास आली ती १८६३ साली, म्हणजे कमिलस यांच्या निधनानंतर अडीचशे वर्षांनी.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि मुंबई बंदर हे फौजांच्या रवानगीचे मोठे केंद्र बनले. मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, गेलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. आमच्या परळ-लालबागच्या गिरण्यांना ज्या रत्नागिरी-साताऱ्याच्या गावांनी कामगार पुरविले, त्याच गावांनी या पलटणींना शिपाई पुरविले. एक भाऊ साच्यावर, दुसरा पलटणीत, अशी अनेक घरे होती. डिसेंबर १९१५ मध्ये कुट-अल-अमारा येथे या डिव्हिजनला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने जर्जर झालेल्या त्या फौजेला शरण जावे लागले. या मोहिमेत जखमींची जी आबाळ झाली, तिचा बोभाटा विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत पोहोचला. जखमी शिपाई उघड्या पडावांत दिवसच्या दिवस घाणीत पडून राहत आणि जे अवयव वाचविता आले असते, तेही सडल्यामुळे कापावे लागत. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या चौकशी आयोगाच्या अहवालाने हा सारा गलथानपणा चव्हाट्यावर आणला. शत्रूच्या गोळीने केवळ जखम केली होती. अपंगत्व पुष्कळदा आपल्याच सरकारच्या हेळसांडीमुळे आले, हा त्यातील बोध विसरण्याजोगा नाही.

तेथून सुटलेले जखमी बोटींनी मुंबईस येऊ लागले. आज आपण ज्या वस्तुसंग्रहालयात मुलांना प्राचीन मूर्ती दाखवावयास नेतो, त्याची घुमटाची इमारत १९१४ साली बांधून झाली होती, पण वस्तू मांडण्याऐवजी तेथे लष्करी रुग्णालय उघडावे लागले. संग्रहालय म्हणून ती वास्तू खुली झाली ती १९२२ साली. त्या दालनांतून फिरताना या पूर्वरहिवाशांची आठवण फारच थोड्यांना होत असेल.

जखम बरी झाली, पण पुढे काय? शेतकऱ्याच्या पोराला पाय नसेल तर नांगर कोण धरणार? या प्रश्नाला उत्तर देण्याचा पहिला संघटित प्रयत्न मुंबईत झाला. मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी १९१७ साली अपंग हिंदी सैनिकांसाठी क्वीन मेरी यांच्या नावाने औद्योगिक शाळा सुरू केली. त्यांचा स्वतःचा एक पुत्र १९१४ साली युद्धात मारला गेला होता. अपंग सैनिकाच्या हाती केवळ निवृत्तिवेतन न देता शिवणकाम, विणकाम, यंत्रकाम असा काही हुन्नर द्यावा, ही त्यामागील कल्पना होती. पुढे ही संस्था पुण्याजवळ खडकी येथे गेली आणि शंभर वर्षे उलटून गेल्यावरही तिचे कार्य चालू आहे. दान देणे सोपे असते. माणसाला पुन्हा कमावता करणे कठीण असते, आणि त्याची प्रतिष्ठा त्यातच राखली जाते.

दुसऱ्या महायुद्धाने हीच वाट रुंद केली. युद्धात दृष्टी गमावलेल्या हिंदी सैनिकांसाठी १९४३ साली देहरादून येथे सेंट डन्स्टन्स वसतिगृह उघडण्यात आले. त्याची धुरा वाहणारे सर क्लूथा मॅकेन्झी हे स्वतः १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत अंध झालेले न्यूझीलंडचे सैनिक होते. त्याच वास्तूतून पुढे प्रौढ अंधांचे प्रशिक्षण केंद्र आणि आजची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. १९ मे १९४४ रोजी पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले.

त्या केंद्राच्या स्थापनेपूर्वी जेमतेम पाच आठवडे युद्ध मुंबईच्या दारात येऊन थडकले होते. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चार वाजून गेल्यावर व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला. त्या एकाच जहाजात सुमारे १४०० टन दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकत्र भरलेल्या होत्या. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, अधिक प्रचंड स्फोट झाला. मृतांचे अंदाज आठशेपासून तेराशेपर्यंत दिले जातात. हजारो लोक जखमी झाले आणि सुमारे ऐंशी हजार बेघर. अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. परंतु फुटलेल्या काचांनी ज्यांचे डोळे गेले, धमाक्याने ज्यांच्या कानांचे पडदे फाटले, तुळईखाली ज्यांचे हातपाय चिरडले, त्या हमालांचा, गाडीवानांचा आणि चाळकऱ्यांचा दिन कोणत्याही पंचांगात नाही. ते सैनिक नव्हते. त्यांच्यासाठी खडकीची शाळा नव्हती.

आमच्या मते या इतिहासाचे मर्म येथेच आहे. सरकारला अपंगांची आठवण प्रथम झाली ती सैनिकांच्या निमित्ताने, कारण सैनिकाचे ऋण डोळ्यांआड करता येत नाही. नागरी अपंगांना आपली पाळी येण्याची वाट पाहावी लागली. राष्ट्रीय अंधजन संघटना (नॅब) मुंबईत १९५२ साली स्थापन झाली आणि हाजी अली येथील पुनर्वसन संस्था १९५५ साली. या पार्श्वभूमीवर एक घटना आपल्या समाजाने अभिमानाने आणि नम्रतेने स्मरणात ठेवावी. मुंबईचे येशूसंघीय महागुरुस्वामी लेओ मेऱ्हाँ यांच्या पुढाकाराने १८८० च्या दशकाच्या मध्यास मुंबईत बधिर मुलांसाठी शाळा निघाली. ती भारतातील अशा प्रकारची पहिली शाळा मानली जाते. त्या मुलांनी कोणतीही लढाई जिंकलेली नव्हती आणि त्यांच्या छातीवर पदक नव्हते. लंगड्या शिपायाने स्थापिलेल्या संघातील एका धर्मगुरूने त्यांना केवळ देवाची लेकरे म्हणून शाळेत बसविले, ही संगती आम्हाला मोलाची वाटते.

स्वातंत्र्यानंतरची युद्धे सीमेवर झाली, तरी १९६५ आणि १९७१ चे काळोखे दिवस हिंदमाता, नायगाव, परळच्या जुन्या मंडळींच्या स्मरणात आहेत. खिडक्यांच्या काचांना कागद चिकटविलेले, दिव्यांना काळे आच्छादन, आणि भोंगा वाजताच सारी चाळ जिन्याखाली गोळा! पण जो बहिरा आहे त्याला भोंगा कसा कळणार? तिसऱ्या मजल्यावर अंथरुणास खिळलेल्या आजीला कोण उतरविणार? मफीबोशेथाचा दुसरा प्रश्न तो हाच.

त्या दोन युद्धांनी महाराष्ट्राला दोन विलक्षण माणसे दाखविली. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे लष्करातील मुष्टियोद्धे. १९६५ साली सियालकोट आघाडीवर त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि कमरेखालचा भाग लुळा पडला. पाण्यातील व्यायामाने त्यांना पोहण्याची गोडी लावली आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. मधली सेहेचाळीस वर्षे आपण सारे कोठे होतो?

दुसरे मुंबईत जन्मलेले आणि झेवियर्समध्ये शिकलेले इयान कार्डोझो. डिसेंबर १९७१ मध्ये सिल्हेट येथे सुरुंगावर त्यांचा पाय पडला. औषधे नव्हती, शस्त्रक्रियेची साधने नव्हती. त्यांनी स्वतःच्या खुकरीने तो चिंधड्या झालेला पाय कापला. पुढची शस्त्रक्रिया युद्धकैदी म्हणून हाती आलेल्या एका पाकिस्तानी डॉक्टरने केली. दयाळू शोमरोनीचा दाखला याहून निराळा काय असतो? कृत्रिम पाय लावून कार्डोझो सैन्यात परतले, पायदळाच्या पलटणीचे आणि पुढे ब्रिगेडचे नेतृत्व करणारे पहिले अपंग अधिकारी ठरले आणि निवृत्तीनंतर भारतीय पुनर्वसन परिषदेचे अध्यक्ष झाले.

अशा कथा मुलांना जरूर सांगाव्यात. मात्र त्यांत एक धोकाही आहे. ज्याला पदक मिळत नाही आणि जो खाटेवर पडून छताकडे पाहत दिवस काढतो, तो कमी शूर, असे आपण नकळत मानू लागतो. १९७१ नंतर खडकीला पक्षाघातग्रस्त सैनिकांसाठी केंद्र उघडावे लागले. तेथील प्रत्येकाच्या वाट्याला सुवर्णपदक आले नाही, म्हणून त्यांचे ऋण कमी होत नाही.

अलीकडच्या काळात कायद्याने या विषयाची दखल घेतली आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या कराराचे अकरावे कलम सशस्त्र संघर्षाच्या काळातील त्यांच्या संरक्षणाविषयी आहे. भारताने या कराराला २००७ साली मान्यता दिली आणि आपल्या २०१६ च्या कायद्याच्या आठव्या कलमात तेच तत्त्व आले. २०१९ साली सुरक्षा परिषदेनेही याविषयी स्वतंत्र ठराव केला. परंतु युक्रेन वा गाझा येथे वीज जाऊन लिफ्ट बंद पडते, तेव्हा चाकाच्या खुर्चीतील माणसाला ठराव खाली उतरवीत नाही, शेजारी उतरवितो. मे २०२५ मध्ये आपल्या देशातही नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली आणि भोंगे पुन्हा वाजले. आपल्यापैकी किती जणांच्या मनात त्या दिवशी बहिऱ्या शेजाऱ्याचा विचार आला?

आम्हा हिंदमातावासीयांना संकटाचा सराव नवा नाही. पावसाळ्यात आमच्या रस्त्यांवर कमरेएवढे पाणी साचण्याचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या आम्ही घेतला आहे. कोणत्या चाळीत, कोणत्या मजल्यावर कोण अंध आहे, कोण अंथरुणास खिळले आहे, कोणाला ऐकू येत नाही, याची यादी प्रत्येक धर्मग्रामाने करावी आणि प्रत्येक नावापुढे एका तरुणाचे नाव लिहावे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेणाऱ्यांना ही घरे अगोदरच ठाऊक आहेत. अशी यादी विजयस्तंभावर कोरली जाणार नाही. पण ज्या दिवशी भोंगा वाजेल वा पाणी चढेल, त्या दिवशी कोणताही मफीबोशेथ मागे राहणार नाही.