खडीपासून खड्ड्यापर्यंत

मंत्रिमंडळाचं खातेवाटप जाहीर होतं तेव्हा बहुतेकांची नजर गृह, महसूल, अर्थ इथंच अडकते. यादीत खाली एक जोडी असते, तिच्याकडे सहसा कुणी पाहत नाही: रोजगार हमी आणि फलोत्पादन. बऱ्याचदा ही दोन्ही खाती एकाच मंत्र्याच्या पदरात पडलेली दिसतात. परराज्यातल्या माणसाला याचं नवल वाटेल. फलोत्पादनाची जागा शेतीखात्यात. मस्टरवर अंगठा उठवणाऱ्या मजुराशी पेटीतल्या हापूसचं काय नातं?

नातं आहे, आणि ते चांगलं सख्खं आहे. महाराष्ट्रातली सरकारी मदतीची फळबाग ही दुष्काळी कामाची लेक. तिचं माहेर आंब्याच्या राईत शोधू नका. ते खडीच्या ढिगाऱ्यापाशी आहे.

वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती. त्यांचं विसापूर सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, म्हणजे पावसाच्या नावानं बोटं मोडणाऱ्या मुलखात. ज्याला काम हवं त्याला सरकारनं ते दिलंच पाहिजे, ही त्यांची कल्पना 1965 मध्ये याच भागात आजमावून पाहिली गेली. तोवर वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले होते. मग आला 1972 चा दुष्काळ. लाल मिलो ज्वारी, सुकडी आणि रस्त्याच्या कडेला हातोडीनं खडी फोडणारी माणसं हे त्या वर्षाचं चित्र ज्यांनी पाहिलं त्यांच्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या 50 लाखांच्या घरात गेली होती. पाझर तलाव, नाला बंडिंग, रस्ते, आणि पुन्हा खडी. इतकी खडी फुटली की पुढं कित्येक वर्षं ती रस्त्यांच्या कडेला रस्त्याची वाट पाहत पडून होती.

दुष्काळ सरला, योजना राहिली. 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, तेही 15 दिवसांच्या आत, नाही मिळालं तर बेकारी भत्ता. देशात असा हक्क आधी कुठल्याच राज्यानं दिला नव्हता. त्याला पैसा लागणार होता. त्यासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर आला. नोकरदाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापायची आणि जेवढी जमेल तेवढीच भर राज्यानं आपल्या तिजोरीतून घालायची. बागायती जमिनीवरही जादा आकारणी बसली. मुंबईतला कारकून, नाशिकचा मास्तर, कोल्हापूरचा ऊसवाला असे सगळे मिळून माणदेशातल्या मजुराची मजुरी भरू लागले. भरणारे आणि घेणारे एकमेकांना कधी भेटले नाहीत, ते सोडा.

इथं जरा मागं जातो. फळझाडाला सरकारचा हातभार ही काही अलीकडची कल्पना नव्हे. अडचण कायम एकच होती, आणि ती जुन्या राज्यकर्त्यांनाही कळत होती: झाड वेळ घेतं. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यात आरमारासाठी लाकूड तोडण्याचा विषय आहे. आंबा-फणसाला हात लावू नका, असं ते बजावतं, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदी लागलंच तर जीर्ण झाड, तेही मालकाला राजी करून आणि मोल देऊन. मराठी राज्यात पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला कौल मिळे आणि इस्तावा मिळे. इस्तावा म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र सारा आणि तो हळूहळू चढत पूर्ण दरावर जायचा. जमीन कमावायला वेळ लागतो, तोवर सरकारनं दम धरावा, हा त्यामागचा हिशेब.

मग इंग्रजांची तगाई. शब्द मोठा गमतीचा आहे. अरबी-फारसीतल्या 'तकावी'चं हे मराठी रूप. त्याच्या मुळाशी बळ आहे, तेच बळ आपल्या 'कुवत' या शब्दातही आहे. तगाई म्हणजे बळ देणं. 1883 आणि 1884 च्या दोन कायद्यांनी ती पक्की झाली: एक जमीनसुधारणेसाठी, दुसरा बी-बियाणं, बैल यांसाठी. पण हे बळ उसनं होतं. विहिरीला ते चालून जाई. आंब्याला कुठून चालणार? कलम लावल्यावर धड फळ हाती यायला पाच-सहा वर्षं, आणि हप्ता त्याआधीच दारात. पोटापुरतं रान असलेला शेतकरी अशा वेळी बाजरीच पेरणार. त्याला वेडा म्हणण्यात अर्थ नव्हता.

वाणांची उणीव नव्हतीच. पुण्याच्या गणेशखिंडीतल्या बागेत डॉ. चीमा यांनी 1936 मध्ये आळंदी डाळिंबातून एक निवड केली, ती पुढं 'गणेश' नावानं गाजली. लखनौ-49 पेरू तिथलाच. दापोलीचं कृषी विद्यापीठ 1972 चं, तिथल्या 'रत्ना' आंब्याचे आईबाप नीलम आणि हापूस. वेंगुर्ल्यात काजूच्या जाती निघत होत्या. म्हणजे कलमं होती, ज्ञान होतं, माळरान तर हवं तेवढं होतं. ती पाच-सहा वर्षं तेवढी कुणाकडे नव्हती.

1990 च्या जूनमध्ये, शरद पवार मुख्यमंत्री असताना, रोजगार हमी आणि फळबाग या दोन गोष्टी एकत्र आल्या. रोजगार हमीचं काम सरकारी रस्त्यावरच कशाला? शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात का नको? तो आपल्याच जमिनीत खड्डे खणेल, कलमं लावील, पाणी घालील. मजुरी रोजगार हमीच्या निधीतून. कलमं, खत, औषध यांचा खर्चही लहान शेतकऱ्याला सरकारनंच द्यायचा. अनुदान एका दमात नाही, तीन वर्षांत, झाडं जगली असतील तर. गावाकडे या योजनेला कुणी तिच्या लांबलचक सरकारी नावानं ओळखत नाही. 'शंभर टक्क्यातली बाग' म्हटलं की पुरतं.

हे इतकं सहज का जुळलं, याचं उत्तर मला त्या खड्ड्यात दिसतं. आंब्याचा खड्डा एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल. दहा मीटरवर एक, म्हणजे हेक्टरी 100. पाझर तलाव असो की आंब्याची बाग, मोजमाप पुस्तिकेत दोघांचं नाव एकच: मातीकाम, इतके घनमीटर. हेक्टरभर आंबा म्हणजे 100 घनमीटर. त्याचा दर ठरलेला होता, टेप होती, मोजणारा माणूस होता. नव्यानं काही शिकायला नको होतं. आपल्या शासनाला फळबाग आधी घनमीटरमध्ये समजली, गोडी पुढं कळली. हे मी टिंगलीनं म्हणत नाही. नवी कल्पना जुन्या नमुन्यात बसली की ती फायलीतून सुटते. नाहीतर ती तिथंच म्हातारी होते.

पण घनमीटर सगळीकडे सारखा नसतो. सोलापूरकडच्या मुरमाड माळावर दिवसभर टिकाव घालून माणूस खड्डे पाडतो. रत्नागिरीच्या कातळावर जा. वर चार बोटं माती, खाली सलग जांभा. एप्रिलच्या उन्हात पहार आपटली की ठिणगी उडते आणि हाताला झिणझिण्या येतात. एक खड्डा उरकायला दिवस पुरत नाही. मग काहींनी सुरुंग लावले, नंतर यंत्रं आली. निघालेला जांभा गडग्याला गेला आणि खड्ड्यात घालायला माती बाहेरून आणावी लागली. खड्डा उन्हात तापू द्यायचा, तळाशी पालापाचोळा, वर शेणखत आणि सुपर फॉस्फेट घातलेली माती, आणि पाऊस स्थिरावला की कलम. जोडाची जागा मातीच्या वर राहिली पाहिजे, शेजारी काठी रोवायची, पहिला उन्हाळा मडकं पुरून काढायचा. जी मरतील त्यांच्या जागी पुन्हा लावायची, याला नांग्या भरणं म्हणतात. अनुदानाचं खरं नातं या नांग्यांशीच आहे. दुसऱ्या वर्षी कृषी सहाय्यक बागेत येतो तो झाडं मोजायला.

सोलापूर-सांगलीकडे बोराची तऱ्हा वेगळी. गावठी बोरीची बी जागेवरच लावायची, खोड पेन्सिलीएवढं झालं की त्यावर उमराण जातीचा डोळा भरायचा. मूळ गावठीचं, फळ उमराणचं. पाणी जवळपास नाहीच. इतकी स्वस्त बाग दुसरी नसेल.

1990 च्या आधी राज्यात फळझाडांखाली साधारण 2.42 लाख हेक्टर जमीन होती. पुढच्या दीड दशकात सरकारी आकडा 10 लाखांच्या पुढं गेला. यातल्या प्रत्येक हेक्टरावर झाड उभं होतं असं समजायचं कारण नाही. कागदावर लावलेली, कागदावरच जगलेली आणि कागदावरच फळलेली झाडं प्रत्येक तालुक्यात सापडतात, आणि तिथं नांग्याही कागदावरच भरल्या जातात. तरीही सांगोला-आटपाडीचं डाळिंब, जालन्याची मोसंबी, पुरंदरचं सीताफळ, सिंधुदुर्गातला काजू हे सगळं डोळ्यांनी दिसतं, टेम्पोत चढतं, बाजारात येतं. माळरानाचा रंग बदलला, हे नाकारता येणार नाही.

पण ही मदत झाड उभं करण्यापुरती होती, आणि माझी तक्रार तिथंच आहे. माल निघायला लागल्यावर शेतकरी एकटा. बोर सगळ्यांचं एकदम आलं आणि भाव पडला, अनेकांनी झाडं तोडून सरपण केलं. डाळिंबावर तेल्या रोग पडला. 2012-13 च्या दुष्काळात जालन्यात मोसंबीच्या बागा वाळल्या. दहा-पंधरा वर्षांच्या झाडाला टँकरनं पाणी घालून थकलेल्या माणसानं शेवटी त्यावर कुऱ्हाड चालवली. मीटरभर खड्ड्याचा दर सरकारला तोंडपाठ होता, त्या खड्ड्यात पाणी कुठून येणार हा प्रश्न मोजमाप पुस्तिकेत नव्हता.

भाजीपाला या घराण्यात उशिरा आला, आणि सावत्र म्हणूनच. टोमॅटो, वांगी दोन-तीन महिन्यांत हाती येतात, तिथं वाट पाहण्याची मजुरी कोण देणार? भाजीवाल्याचं दुखणं वेगळं: भाव, साठवण, पाणी. 2005-06 मध्ये केंद्राचं राष्ट्रीय फलोत्पादन अभियान आलं आणि कांदाचाळ, शेडनेट, पॉलिहाऊस हे शब्द अनुदानाच्या यादीत पक्के झाले. चाळीला पैसे मिळतात आणि बांधणारा सुखावतो, कारण कांद्याला चार महिने छप्पर मिळालं की विकायची घाई टळते. योग्यच झालं.

त्याच सुमारास केंद्राचा रोजगार हमी कायदा आला, 2005 चा. पाग्यांची कल्पना देशभर गेली आणि महाराष्ट्रातली फळबाग लागवडही पुढं त्या कायद्याखाली सरकली. जे त्याच्या अटींत बसत नव्हते त्यांच्यासाठी राज्यानं 2018-19 पासून भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाची योजना सुरू केली. अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बागायती रानात 90 टक्के आणि कोरडवाहूत 80 टक्के झाडं जिवंत हवीत. आधी शेतकऱ्यानं खर्च करायचा, मग खात्यात पैसे. 'अनुदान' या शब्दातला 'अनु' म्हणजे मागाहून येणारा, एवढं संस्कृत यात प्रत्येक अर्जदार शिकतो.

व्यवसाय कर मात्र होता तिथंच आहे. 1988 च्या घटनादुरुस्तीनं त्याची मर्यादा वर्षाला 250 वरून 2500 रुपये केली, त्यानंतर ती हललेली नाही. तुमचं फेब्रुवारीचं पगारपत्रक काढून बघा. इतर 11 महिने 200 रुपये कापले जातात, फेब्रुवारीत 300.