ग्लुटेनमुक्त आहार : गिरणीपासून हिंगापर्यंत

गहू, जव आणि राय या धान्यांतील विशिष्ट प्रथिनांना ग्लुटेन म्हणतात. कणकेला येणारा ताण आणि चिवटपणा त्यांच्यामुळेच. बहुतेकांना ग्लुटेन निर्धोक असते. सीलिअ‍ॅक विकार असलेल्यांची प्रतिकारशक्ती मात्र ग्लुटेनमुळे स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे अस्तर झिजते. जुलाब, पोटफुगी, औषधांना न जुमानणारा रक्तक्षय, मुलांची खुंटलेली वाढ ही त्याची लक्षणे होत. काही रुग्णांना पोटाची तक्रार नसतेच; केवळ रक्तक्षयावरून विकार उघडकीस येतो.

गव्हाशी असलेला हा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिला. १९४४-४५च्या हिवाळ्यातील दुष्काळात नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा असे बालरुग्ण सुधारू लागले आणि पाव परतताच पुन्हा आजारी पडले. त्यांचा प्रबंध १९५०चा. पथ्याला पर्याय ठरेल असे औषध मात्र अजूनही नाही. ग्लुटेन आयुष्यभर वर्ज्य करावे लागते.

म्हणूनच निदान पक्के हवे. रक्तातील टीटीजी प्रतिपिंडांची तपासणी आणि बहुधा दुर्बिणीद्वारे आतड्याचा तुकडा तपासणे, हा त्याचा मार्ग. त्याआधीच गहू सोडला तर चाचणी निर्दोष येऊ शकते. हौसेने सुरू केलेले पथ्य येथे नडते. गव्हाची अ‍ॅलर्जी हा निराळा विकार आहे, आणि सीलिअ‍ॅक नसतानाही काहींना गहू सोसत नाही.

मराठी स्वयंपाकघराला हे पथ्य वाटते तितके परके नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आणि डाळी मुळातच ग्लुटेनमुक्त आहेत. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा ही उपवासाची शिदोरीही तशीच. या रुग्णांना एकादशी खरोखरच दुप्पट खाण्यास हरकत नाही! रवा, मैदा, शेवया, लापशी मात्र गव्हाचीच रूपे.

खरी अडचण न दिसणाऱ्या गव्हाची असते. बाजारातील बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, म्हणजे फोडणीपासूनच घोटाळा. मेतकुटात आणि थालीपिठाच्या भाजणीत गहू असतोच असे गृहीत धरावे. सोया सॉसमध्येही तो सहसा असतो. त्याहून दुर्लक्षित जागा म्हणजे पिठाची गिरणी. गव्हानंतर त्याच जात्यावर ज्वारी दळली, की भाकरीच्या पिठात गहू उतरतो. घरघंटी असल्यास उत्तम, मात्र तिच्यात गहू कधीच दळता कामा नये. पोळपाट-लाटणे आणि चाळणीही वेगळी ठेवावी लागते. कणभर पिठाने काय होणार, हा घरातील वडीलधाऱ्यांचा प्रश्न स्वाभाविक असला, तरी अस्तराला इजा होण्यास थोडे ग्लुटेन पुरते.

भारतीय नियमांनुसार ‘ग्लुटेनमुक्त’ पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये. अशी बिस्किटे महाग असतात आणि त्यांत तंतू कमी असतात. नाचणीची भाकरी केव्हाही सरस.

निदानानंतर सुरुवातीस काहींना दूधही पचत नाही, कारण दुधातील साखर पचवणारे विकर आतड्याच्या त्याच अस्तरात तयार होते. पथ्याने अस्तर सुधारले, की दूध बहुधा पुन्हा सोसू लागते. बरे वाटू लागण्यास काही आठवडे पुरतात. प्रौढांचे आतडे पूर्ववत होण्यास वर्ष-दोन वर्षेही लागतात. या विकाराला आनुवंशिक बाजू असल्याने रुग्णाचे आईवडील, भावंडे आणि मुले यांचीही तपासणी करण्याचा सल्ला दिला जातो.