जमिनीला लोखंड बाधतं का?

परवा पुतण्याने फोनवर एक चित्रफीत पाठवली. पोकलेन मशीन शेतात खोल चर खणतंय आणि मागून दोघे जण भोकं पाडलेली लांबच लांब नळी त्या चरात सोडतायत. खाली त्याने लिहिलं होतं, "आत्या, आपल्या खालच्या मळ्यात हे करायचंय. तू जरा बोल ना." कुणाशी बोल, ते त्याने लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती.

मी शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. त्यामुळे कुठलीही गोष्ट मागून सुरू केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. पोरं कंटाळत, तुम्हीही कंटाळाल, पण आता सवय जाणार नाही. तर मंडळी, थोडं मागे जाऊ.

आमच्या भागात शेतीच्या अवजारांची गोष्ट लक्ष्मणराव किर्लोस्करांपासून सुरू होते. तेही मुळात मास्तरच! मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकवत होते. ती नोकरी सोडून ते बेळगावला आले. आधी सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र आणि १९०३ साली लोखंडी नांगर. पण नांगर कुणी घेईना. लोखंडाने जमीन बाधते, जमिनीत विष कालवलं जातं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर माळ दिला. निवडुंग आणि साप यांशिवाय तिथे काही नव्हतं. १९१० साली त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढे स्टेशनचं नावही बदललं.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. हा प्रसंग मी दरवर्षी वर्गात सांगायची. तोफेचा नांगर झाला म्हटल्यावर मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करत.

आमच्या घरात लोखंडी नांगर आजोबांनी आणला. पणजोबा हयात होते, त्यांना तो मुळीच पसंत नव्हता. "लोखंड जमिनीला बाधतं" हे त्यांचंच वाक्य, आजोबांनी वडिलांना सांगितलेलं आणि वडिलांनी आम्हाला. लाकडी नांगर जमीन नुसती ओरखडायचा. हा खोल जाऊन माती उलटीपालटी करायचा. काळ्या रानात त्याला तीन-चार बैलजोड्या लागत, म्हणून भावकीने मिळून जोड्या जुंपायच्या आणि आळीपाळीने एकमेकांची रानं नांगरायची. हरळी आणि कुंदा मुळासकट निघाला तेव्हा पणजोबा बांधावर बसून गप्पच राहिले म्हणे. घरात ही गोष्ट हसण्यावारी सांगितली जायची. मीही हसायची.

माझ्या लहानपणी विहिरीवर मोट होती. बैल धावेवरून खाली उतरले की नाडा ताणला जायचा, चाक करकरायचं आणि चामड्याची मोट थारोळ्यात भडकन ओतली जायची. थारोळ्यातून पाटात आणि पाटातून वाफ्यात. शाळेतून आलं की दारं धरायला मला आणि धाकट्या भावाला पाठवत. दिवसभर बैल राबले तरी अर्धा एकर भिजणं मुश्कील. मोटेनं जमिनीला पाणी दिलं ते असं, हात राखून. तेव्हा आम्हाला ती गरिबी वाटायची.

१९६३ च्या सुमारास वडिलांनी पाच हॉर्सपॉवरचं इंजिन घेतलं. त्यासाठी एक बैलजोडी विकली, आईच्या पाटल्या गहाण पडल्या. पण पहिल्या दिवशी हँडल मारल्यावर ते डुगडुगायला लागलं, पाइपातून मनगटाएवढी धार पडली आणि आईने त्या धारेला हळदकुंकू वाहिलं. गावभर त्या आवाजाची नवलाई! मोट गोठ्याच्या आढ्याला लटकली, ती पुन्हा खाली आलीच नाही.

पुढे कोयना धरणामुळे कृष्णेला उन्हाळ्यातही पाणी राहू लागलं. १९७२ च्या दुष्काळानंतर तर प्रत्येकाला पाणी हवं होतं. नदीवरून पाणी उचलायच्या योजना झाल्या. आमच्या सोसायटीचे कागद अंगठेवाल्यांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात बी.ए. झालेली मी एकटीच. मी मोठ्या हौसेने वाचले. किती एकर भिजणार, कर्ज किती, हप्ता किती, सगळं त्यात होतं. जास्तीचं पाणी कुठे जाणार, हे नव्हतं आणि मीही विचारलं नाही.

ऊस आला, घरं पक्की झाली, माझ्या भावंडांची लग्नं झाली. त्या उसाचे उपकार मी नाकारणार नाही. पण आमची जमीन काळी, खोल आणि पाणी धरून ठेवणारी. सऱ्या वर्षभर तुडुंब. जमिनीतलं पाणी हळूहळू वर चढत गेलं. ऊन तापलं की ते वाफ होऊन उडायचं आणि त्यातलं मीठ मातीवर राहायचं. १९८५ नंतर कधीतरी दिवाळीला माहेरी गेले तर खालच्या मळ्याच्या कोपऱ्यात पांढरं काहीतरी दिसलं. मला वाटलं, कुणी चुना सांडला. भाऊ म्हणाला, "मीठ फुटलंय, आक्का." आज तिथे लव्हाळ्याशिवाय काही उगवत नाही.

वाईट याचं वाटतं, की हे नवं नव्हतं. निरेच्या कालव्याखाली बारामतीकडे जमिनी खारवल्या, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. तिकडचे प्रश्न समोर असतानाच मुंबई सरकारने १९१६ साली पाटबंधाऱ्यांच्या संशोधनासाठी खास विभाग काढला. खडकवासल्याची आजची मोठी जलसंशोधन संस्था त्यातूनच वाढली. म्हणजे आजोबांनी नांगर आणला त्याच्या आधीपासून शहाण्यांना माहीत होतं, की पाणी आणणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे ते बाहेर काढणं. मी इतिहासाची शिक्षिका, पण हा इतिहास मला निवृत्तीनंतर कळला.

आता त्या नळीबद्दल. साधारण चार फूट खोल, उताराला धरून, ठरावीक अंतरावर भोकांच्या नळ्या पुरायच्या. माती आत जाऊ नये म्हणून त्यांना बारीक जाळीचं वेष्टण असतं. पाऊस पडला की पाणी मुरताना मातीतले क्षार विरघळवून नळीत उतरतं. जमीन चोपण झाली असेल तर आधी जिप्सम घालावं लागतं. या सगळ्या नळ्या एका मोठ्या नळीला जोडायच्या आणि ती नेऊन ओढ्याला सोडायची. एका वर्षात चमत्कार होत नाही, पण जमीन परत येते. शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन अशा जमिनी पिकाखाली आणल्या आहेत. कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्रही या जमिनींवर काम करतं.

अडचण यंत्राची नाहीये. अडचण अशी, की आमच्या मळ्यातून ओढ्याकडे जायचं तर मोठी नळी चुलत घराच्या रानातूनच जाते. आणि बांधावरून १९९१ साली जे झालं, त्यानंतर दोन्ही घरांत बोलणं नाही. चूक कुणाची, हे मी इथे लिहिणार नाही. थोडी आमचीही होती, एवढं मात्र लिहिते.

इंजिन एकट्याच्या हिमतीवर घेता येतं. निचरा एकट्याने होत नाही. वरच्याचं पाणी खालच्याच्या रानातून जाऊ दिलं तरच ते ओढ्याला मिळतं. नाहीतर ते आज आमच्या मळ्यात साचलंय, उद्या तुमच्यात साचेल. मीठ सातबारा बघत नाही. ठिबक आलं, फवारणीचे ड्रोन आले, पण जमीनच गेली तर फवारायचं कशावर?

पणजोबांची आता आठवण येते. लोखंडाबद्दल ते चुकले होते. पण जमिनीला काही बाधू शकतं, ही भीती मात्र खरी होती, आणि आम्ही लोखंडावर हसताना तिलाही हसून टाकलं. ते बांधावर गप्प बसले होते, तेव्हा पलीकडच्या घरची जोडी आपल्याच नांगराला जुंपलेली होती, हेही विसरू नये.

चुलत घरची मुलं हे लिखाण वाचतात, असं मला कळलंय. पोरांनो, घरी वाचून दाखवा. मी पाडव्याला गावी येणार आहे. आधी तुमच्या घरी येईन. चहा पाजलात तर बरं, नाही पाजलात तरी बसेन.