मुक्तस्रोत प्रकल्पाचे बिऱ्हाड कधी हलवावे?

ज्याचा सोर्स कोड कोणालाही पाहता, बदलता आणि पुन्हा वाटता येतो, ते मुक्तस्रोत सॉफ्टवेअर होय. असे सॉफ्टवेअर घडविणारी मंडळी बहुधा एका शहरात, किंबहुना एका देशातही नसतात. त्यांना एकत्र काम करण्यासाठी महाजालावर एक सामाईक जागा लागते. सोर्स कोडचा इतिहास, सापडलेल्या दोषांची नोंद, सुधारणांवरील चर्चा आणि वापरकर्त्यांसाठी तयार आवृत्त्या हे सर्व तेथे ठेवले जाते. ही जागा पुरविणाऱ्या संकेतस्थळाला होस्टिंग प्लॅटफॉर्म म्हणतात. ही जागा बहुधा विनामूल्य मिळते. मात्र तिला भाडे नसले तरी ती स्वतःच्या मालकीचीही नसते. म्हणूनच तेथे राहावे की दुसरीकडे जावे, हा प्रश्न अनेक मोठ्या प्रकल्पांपुढे कधी ना कधी उभा राहिला आहे.

जागा का सोडावी लागते?

१९९९ मध्ये सुरू झालेले सोर्सफोर्ज हे संकेतस्थळ पुढील अनेक वर्षे मुक्तस्रोत प्रकल्पांचे प्रमुख केंद्र होते. छायाचित्रे व चित्रे यांवर काम करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'गिंप' या सॉफ्टवेअरची विंडोजसाठीची आवृत्तीही तेथूनच मिळत असे. डाउनलोडच्या बटणासारख्या दिसणाऱ्या फसव्या जाहिराती आणि सोबत इतर सॉफ्टवेअर पुढे करणारा इन्स्टॉलर यांना कंटाळून गिंपने नोव्हेंबर २०१३ मध्ये ही जागा सोडली. मे २०१५ मध्ये असे उघडकीस आले, की गिंपचे तेथील खाते सोर्सफोर्जने आपल्या ताब्यात घेतले असून गिंपच्या आवृत्तीला जाहिरातींची जोड देऊन ती वाटली जात आहे. २०१६ च्या आरंभी सोर्सफोर्जची मालकी बदलली आणि नव्या मालकांनी ही पद्धत बंद केली. तोवर अनेक प्रकल्पांचा विश्वास उडाला होता.

कधी जागाच नाहीशी होते. 'गुगल कोड' ही सेवा बंद करण्याची घोषणा मार्च २०१५ मध्ये झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये ती बंद पडली. 'गिटोरियस' ही दुसरी सेवा २०१५ मध्येच गिटलॅबने विकत घेऊन बंद केली. दोन्ही ठिकाणच्या प्रकल्पांना ठरावीक मुदतीत आपले सामान बांधावे लागले.

कधी अडचण सरकारी निर्णयातून येते. अमेरिकी निर्बंधांमुळे २०१९ मध्ये गिटहबने इराण, सीरिया व क्रिमिया येथील वापरकर्त्यांच्या खात्यांवर मर्यादा घातल्या. त्यांपैकी इराणमधील सेवा जानेवारी २०२१ मध्ये परवाना मिळाल्यावर पूर्ववत झाली. भारतालाही हा अनुभव नवा नाही. मुंबईतील दहशतवादविरोधी पथकाच्या विनंतीनंतर डिसेंबर २०१४ मध्ये जी ३२ संकेतस्थळे रोखण्याचा आदेश निघाला, त्यांत गिटहब आणि सोर्सफोर्ज यांचाही समावेश होता. एखाद्या आक्षेपार्ह मजकुरासाठी उगारलेला बडगा त्याच जागेत राहणाऱ्या असंख्य निरुपद्रवी प्रकल्पांवरही पडू शकतो, हे त्यावेळी दिसून आले.

पायथॉनचा प्रवास

'पायथॉन' या प्रोग्रामिंग भाषेने या बाबतीत जे अनुभवले ते अभ्यासण्याजोगे आहे. तिचा सोर्स कोड २००० मध्ये सोर्सफोर्जवर आला. २००५ मध्ये तो प्रकल्पाच्या स्वतःच्या सर्व्हरवर, सबव्हर्जन या प्रणालीत हलविण्यात आला. २०११ मध्ये मर्क्युरिअल ही प्रणाली स्वीकारण्यात आली. पुढे मात्र सुधारणा तपासून त्या सामावून घेण्याची पद्धत संथ पडू लागली आणि पुन्हा स्थलांतराचा विचार सुरू झाला.

गिटहब आणि गिटलॅब असे दोन लेखी प्रस्ताव समोर आले. निर्णयाची जबाबदारी ब्रेट कॅनन यांच्याकडे होती. १ जानेवारी २०१६ रोजी त्यांनी गिटहबची निवड जाहीर केली. गिटलॅबमध्ये निर्णय फिरवील असे एकही वैशिष्ट्य आढळले नाही, बहुतेक कार्यकर्त्यांना गिटहबची सवय होती आणि भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांचा कलही तिकडेच होता, ही त्यामागची कारणे. गिटहब स्वतः मुक्तस्रोत नाही, हा आक्षेप विचारात घेऊनही कार्यकर्त्यांची सोय अधिक महत्त्वाची मानली गेली.

निर्णय झाला तरी सोर्स कोड प्रत्यक्ष हलण्यास फेब्रुवारी २०१७ उजाडले. दोषांची नोंदवही तर एप्रिल २०२२ मध्ये गेली. पन्नास हजारांहून अधिक नोंदी हलवाव्या लागल्या आणि त्यांना नवे क्रमांक मिळाले. जुन्या चर्चांतील संदर्भ तुटू नयेत म्हणून जुनी नोंदवही वाचनासाठी खुली ठेवण्यात आली.

काय हलते, काय मागे राहते?

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेल्या गिट या प्रणालीत सोर्स कोडचा संपूर्ण इतिहास सामान्यतः प्रत्येक कार्यकर्त्याच्या संगणकावर असतो. त्यामुळे सोर्स कोड हलविणे हे काही मिनिटांचे काम ठरते. खरी अडचण उरलेल्या गोष्टींची असते. दोषांच्या नोंदी, सुधारणांवरील चर्चा, आपोआप चाचण्या घेणारी व्यवस्था, देणग्यांची सोय आणि इतरत्र दिलेले दुवे हे सर्व प्लॅटफॉर्मला जखडलेले असते.

'झिग' या प्रोग्रामिंग भाषेने नोव्हेंबर २०२५ मध्ये गिटहब सोडून बर्लिनमधील विनानफा संस्थेच्या 'कोडबर्ग'ची वाट धरली, तेव्हा हीच अडचण समोर आली. गिटहबच्या चाचणी व्यवस्थेतील दोष आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर दिला जाणारा भर यांविषयीची नाराजी ही त्यामागची कारणे होती. जुन्या नोंदी गिटहबवरच ठेवून नव्या ठिकाणी क्रमांक ३०,००० पासून सुरू करण्यात आले, जेणेकरून दोन्हींची सरमिसळ होऊ नये. गिटहबमार्फत देणग्या देणाऱ्यांनाही दुसरा मार्ग स्वीकारण्याचे आवाहन करावे लागले.

स्वतःचे घर की दुसऱ्याचे?

२०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ७.५ अब्ज डॉलरला गिटहब विकत घेतल्यावर स्वतःच्या जागेचा विचार अधिक जोराने मांडला जाऊ लागला. त्याच वर्षी 'ग्नोम' प्रकल्पाने आपल्या सर्व्हरवर गिटलॅब बसवून तेथे मुक्काम हलविला. २०२० मध्ये 'केडीई'नेही तसेच केले. या मार्गात धोरण आपल्या हाती राहते. पण सर्व्हरचा खर्च, सुरक्षा आणि देखभाल यांचा भारही आपल्याच खांद्यावर येतो. मोठ्या संस्थेचे पाठबळ असलेल्या प्रकल्पाला तो पेलतो. दोनतीन स्वयंसेवकांच्या प्रकल्पाला तो पेलेलच असे नाही.

निर्णय घेताना

केवळ रागाच्या भरात किंवा नव्याच्या आकर्षणापोटी बिऱ्हाड हलविणे हिताचे नाही. सध्याच्या जागेमुळे कामात नेमका कोणता अडथळा येतो, हे आधी लिहून काढावे. नव्या जागेत तो खरोखर दूर होतो का, आणि नियमित योगदान देणारे तेथे येण्यास तयार आहेत का, हे पाहावे. निर्णयाचा अधिकार कोणाकडे आहे, हेही आरंभीच ठरवावे. अन्यथा चर्चा वर्षानुवर्षे लांबते.

राहण्याचा निर्णय घेतला तरी काही खबरदारी आवश्यक आहे. प्रकल्पाचा पत्ता स्वतःच्या डोमेनवर असावा, म्हणजे जागा बदलली तरी वापरकर्त्यांना तोच पत्ता पुरतो. सोर्स कोडची एक प्रत दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर असावी. दोषांच्या नोंदी आणि चर्चा यांची प्रत ठरावीक काळाने उतरवून घ्यावी. जागा सोडल्यावरही जुने खाते आपल्या ताब्यात ठेवून तेथे नव्या पत्त्याची सूचना लावावी. गिंपच्या अनुभवानंतर ही शेवटची गोष्ट किती महत्त्वाची आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.